जर्मनीची अडीचशे किलो चकली

गेल्या पंचवीस वर्षांत आमच्या घरात जर्मनीबद्दल कुणी चांगलं बोललेलं नाही, आणि यात जर्मनीची काहीही चूक नाही. चूक माझी आहे. हे तीन शब्द लिहायला मला पंचवीस वर्षं लागली, तेव्हा वाचकांनी जरा सांभाळून घ्यावं.

नव्व्याण्णव सालची गोष्ट. डोंबिवली पूर्वेला आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो आणि सुमनकाकू तळमजल्यावर. काका लवकर गेले. काकूने फराळाच्या ऑर्डरी घेऊन मंजूला, म्हणजे माझ्या चुलतबहिणीला, वाढवलं. मंजूचं लग्न माघात ठरलेलं. लग्नात तिच्या हातात घालायच्या सोन्याच्या पाटल्या काका हयातीतच करून गेलेले. काकूकडे सोनं म्हणावं असं तेवढंच.

मी तेव्हा ठाण्यात कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. असा कोर्स केलेल्या माणसाला एक आजार होतो. तो दिसेल त्याची वेबसाइट काढायला निघतो. बाबांनी साफ नकार दिला (निवृत्त माणसाला वेबसाइट कशाला, हा त्यांचा प्रश्न मला आता रास्त वाटतो). काकू मात्र तयार झाली. परदेशातल्या मराठी माणसांनी फॉर्म भरायचा, ऑर्डर मला मेलवर येणार, काकू फराळ करणार.

फॉर्ममध्ये नाव, पत्ता, किती किलो, आणि खाली आपोआप एकूण रक्कम. किलोचा दर कुठेच लिहायचा नाही ही काकूची अट. दर उघड झाला की समोरच्या बिल्डिंगमधल्या बाई दोन रुपयांनी उतरवतात म्हणे. रकमेपुढे ‘रुपये’ लिहायचं मला सुचलं नाही. डोंबिवलीच्या चकलीचे पैसे आणखी कशात मोजणार? एक गोष्ट मात्र मी खास केली. आपली माणसं आकड्यात स्वल्पविराम घालतात, एक लाख लिहिताना तर दोन घालतात, आणि तिथे प्रोग्राम अडतो. म्हणून मी त्याला सांगून ठेवलं, की आकड्यात स्वल्पविराम दिसला की तो काढून टाकायचा आणि पुढे चालायचं. एका ओळीचं काम! त्या ओळीचा मला इतका अभिमान, की मी ती बाबांना वाचून दाखवली. बाबा म्हणाले, “बरं.”

गणपती होऊन आठवडा झाला असेल. सायबर कॅफेत मेल उघडला तर जर्मनीहून ऑर्डर. गृहस्थांचं नाव क्लाउस. दिवाळीसाठी चकली, २५० किलो. एकूण ३०,०००. पैशांचा ड्राफ्ट पाठवतो, असंही त्यांनी लिहिलेलं.

काकूने मी छापून आणलेला कागद दोनदा वाचून घेतला आणि खाली बसली. नक्की अडीचशेच ना, ते उलट मेल करून विचारू का, असं मी म्हटलं. (नोंद घ्यावी, म्हटलं होतं.) पण बाबांनी आयुष्यभर एका कारखान्याचं स्टोअर सांभाळलेलं, व्यवहारात घरात त्यांचाच शब्द. “गिऱ्हाइकाला ‘नक्की ना?’ असं विचारायचं नसतं,” ते म्हणाले. “त्याला वाटतं, यांना झेपत नाही.”

दोन आठवड्यांनी पाकीट आलं. आत ड्राफ्ट आणि इंग्रजीत चार ओळी. बायको मूळची डोंबिवलीची आहे, तिला फार आनंद होईल, असं साहेबांनी लिहिलेलं. एकट्या बायकोला अडीचशे किलो चकली हे ऐकून काकू जरा चपापली. पण बायको म्हणजे बायकोचं महिला मंडळ असणार, असा बाबांनी खुलासा केला आणि तो सगळ्यांना पटला. घाबरलेल्या माणसाला काहीही पटतं.

ड्राफ्टवर आकडा होता: ३०,०० मार्क. आता ज्याने प्रोग्राम जन्माला घातला, त्याचं डोकं त्या प्रोग्रामपेक्षा वेगळं कसं चालणार? मी मनातल्या मनात स्वल्पविराम काढला आणि पुढे चाललो. तीन हजार मार्क! मार्कचे तेव्हा तेवीसेक रुपये यायचे. म्हणजे एकोणसत्तर हजार.

आपली रक्कम तीस हजार, मग याने दुपटीहून जास्त का पाठवले? बाबांकडे त्याचंही उत्तर होतं. “पोस्टेज धरलंय. जर्मन माणूस व्यवस्थित असतो.”

त्याच दुपारी काकूने पाटल्या पतपेढीत गहाण टाकल्या. मी सोबत गेलेलो. पतपेढीच्या जिन्यावर थांबून तिने मला एकच विचारलं, “माघाच्या आत सुटतील ना रे?”

“काकू, ड्राफ्ट हातात आहे.”

“तू सांगतोस ना, मग झालं,” ती म्हणाली आणि वर गेली. ते वाक्य मला अजून ऐकू येतं.

कल्याणच्या बाजारातून टेम्पो भरून तांदूळ, डाळी आणि तेलाचे आठ डबे आले. आमच्या गिरणीवाल्याने भाजणीसाठी इतर गिऱ्हाइकांना दोन दिवस परत पाठवलं. शेजारच्या पाटीलवहिनी सेनापती झाल्या. त्या आगरी घरातल्या. हळदीला चारशे पानं उठवलेल्या बाईपुढे अडीचशे किलोचं काय कौतुक, असं त्या म्हणाल्या आणि पदर खोचला. मोहन घालायला एक, मळायला तीन, सोऱ्यावर चार, कढईपाशी तीन, अशा अकरा बायका कामाला लागल्या. बिल्डिंगच्या पॅसेजमधून चालायला वाट नाही. आमच्या मजल्यावरच्या भिंतींनाही तिखटाचा वास लागला.

तिसऱ्या दिवशी मी ड्राफ्ट घेऊन ठाण्याच्या बँकेत गेलो. खिडकीतल्या बाईंनी तो पाहिला, स्लिप पाहिली, मला पाहिलं.

“तीन हजार कुठे आहेत?”

मी आकड्यावर बोट ठेवलं.

“आकड्यावर बँक चालत नाही, अक्षरांवर चालते. खाली अक्षरांत ‘तीस’ लिहिलंय. तिकडे दशांश टिंबाच्या जागी स्वल्पविराम देतात. हे तीस मार्क आहेत, पैशांच्या जागी दोन शून्यं.” मग दया येऊन त्या म्हणाल्या, “पाणी पाहिजे का?”

तिथल्या बाकावर बसून मला सगळं लख्ख दिसलं. क्लाउससाहेबांनी २,५० लिहिलं होतं. अडीच किलो. माझ्या लाडक्या ओळीने स्वल्पविराम उचलला आणि अडीचाचे अडीचशे केले. खाली मी दाखवलेले ३०,००० त्यांनी त्यांच्या पद्धतीने वाचले, तीस आणि पुढे नुसती शून्यं. पुढे रुपये नाहीत म्हणजे मार्कच असणार. चकली जरा महाग आहे, असं मनात म्हणत त्या सज्जनाने तीस मार्क भरले. बँकेचे चार्जेस कापून माझ्या खात्यावर साडेचारशे रुपये जमा व्हायचे होते.

घरी जाऊन लगेच सांगायचं, असं रस्ताभर घोकत आलो. निम्मी भाजणी अजून कोरडी होती, निम्मं तेल डब्यात होतं. तेव्हा तोंड उघडलं असतं तर निम्मं नुकसान वाचलं असतं. पण दारात पोचलो तर अकरा बायकांनी एकदम वर पाहिलं. काकूने गरम चकली माझ्या हातावर ठेवली आणि विचारलं, “जमा झाला?”

मी म्हटलं, “प्रोसेस चालू आहे.”

चकली अतिशय खुसखुशीत झाली होती. त्याचंही वाईट वाटलं.

पुढचे चार दिवस मी रोज सकाळी ठरवायचो आणि रोज संध्याकाळी डबे मोजायचो. दीडशे किलो झाली. दोनशे झाली. काकूच्या बोटांना फोड आले. पाटीलवहिनी मला म्हणाल्या, “भावोजी, तुमचा चेहरा का उतरलाय? तळतोय आम्ही.” अडीचशे पूर्ण झाली त्या दिवशी काकूने पहिल्या डब्याला हळदकुंकू वाहिलं, बाबांनी नारळ फोडला, आणि मी खोटं बोललो. जर्मनी सरकारने बाहेरच्या तळलेल्या पदार्थांवर बंदी घातली, ड्राफ्ट रद्द झाला, असं सांगितलं.

काकू नुसती मनगटाकडे बघत बसली. बोलले ते बाबा. अर्धा तास, सगळं जर्मनीला उद्देशून.

मग मी पिशव्या उचलल्या. कल्याणच्या दुकानांतून, ठाण्याच्या सोसायट्यांतून, घोडबंदर रोडला नुकत्याच उठलेल्या बिल्डिंगींतून, जिथे वॉचमनलाच आधी एक पाकीट द्यावं लागायचं, मी दिवाळीपर्यंत चकली विकत फिरलो. मिळेल त्या भावाने दिली. तरीही पाटल्या सोडवायला कमी पडले, तेव्हा मी माझा कॉम्प्युटर विकला. लग्नाच्या दोन दिवस आधी पाटल्या घरी आल्या. काकूने माझ्या तोंडावरून हात फिरवला. मंजूच्या सासरीसुद्धा माझ्या त्यागाची गोष्ट सांगितली गेली. मी मान खाली घालून ऐकली. लोकांना तो विनय वाटला.

हे असंच माझ्याबरोबर गेलं असतं. पण गेल्या महिन्यात ऐंशीच्या काकूला डॉक्टरांनी कानाचं मशीन लिहून दिलं आणि ते निघालं जर्मन. काकूने खोका उघडूसुद्धा दिला नाही. “त्या मेल्यांचं काही कानात घालणार नाही,” म्हणाली. माझ्या खोटेपणापायी म्हातारी बहिरी राहणार होती. शेवटी मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं.

पण मशीनशिवाय तिला ऐकू कसं जाणार? ओरडून सांगावं लागलं. स्वल्पविराम तर तीनदा. समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीत माणसं आली. पंचवीस वर्षं जपलेलं गुपित मी घसा ताणून चार मजल्यांना सांगितलं.

 काकूने मशीनचा खोका पुढे ओढला, मला उघडायला लावला, मशीन कानात बसवून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, “त्याने तीस मार्क दिले होते ना? मग त्याची अडीच किलो कधी पाठवलीस?”

गॅलऱ्यांतली माणसंही उत्तरासाठी थांबली होती. कल्याणपासून घोडबंदरपर्यंत, वॉचमनसकट, मी शेकडो घरांत ती चकली पोचवली होती. राहिलं होतं ते एकच गिऱ्हाईक. ज्याने मागवली होती, आणि ज्याने एकट्याने पूर्ण पैसे आगाऊ भरले होते!