मोठी कुंडी, काळी माती

नर्सरीवाल्यानं मला फसवलं. कुंडी मी मागितली तीच दिली, माती मी मागितली तीच भरली, आणि तरीही फसवलं. कसं, ते सांगते.

मुकुंदवाडीत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. एका जुन्या मशीनवर सुरू केलं, आता चार मशिनी चालतात. अस्तराचं कापड आणायला मात्र आजही मी स्वतःच गुलमंडीत जाते. दुसरं कुणी गेलं की दुकानदार त्याला गोड बोलून गुंडाळतात. मला बघितलं की आधी पाणी पिऊन घेतात.

नवरा माझ्या अगदी उलट. भाजीत मीठ नसलं तरी जेवून उठणारा माणूस. गेल्या वर्षी कंपनीतून निवृत्त झाले तेव्हा मी विचारलं, "आता तरी सांगा, काय घ्यायचं तुम्हाला? घड्याळ? चांगला मोबाईल?" चार दिवस विचार केला आणि म्हणाले, "आमच्या हापिसाच्या खिडकीत एक झाड होतं. नाताळाच्या सुमारास फुलायचं. गुलाबी फुलं, खाली वाकलेली. तसलं मिळालं तर बघ."

तीस वर्षांच्या संसारात त्यांनी मागितलेली ही एवढी एकच गोष्ट. त्यांना घेऊन मी त्याच आठवड्यात नर्सरीत गेले.

झाड मिळालं. एकाला एक जोडलेली चपटी पानं, काटा एकही नाही, टोकांना गुलाबी कळ्या. "नाताळचा निवडुंग," नर्सरीवाला म्हणाला. निवडुंग म्हटल्यावर मी मनातून निर्धास्त झाले. आमच्या गावाकडं तो बांधावर असतो. उपटून फेकला तर फेकला तिथं रुजतो.

"एवढीशी कुंडी?" मी म्हटलं. "चहाचा कप आहे का हा?"

"ताई, ह्या झाडाला..."

"झाडाचं राहू दे. त्याच भावात ती मोठी दे. आणि ही काय माती म्हणायची?" मी बोट घालून बघितलं. कुजलेला पाला, नारळाचा भुसा, वाळू. "भुसा भरून विकतोस व्हय रे? मी काय काल जन्मले? काळी माती घाल. गच्च भर."

"काळी?"

"काळीच!"

आमच्याकडं सोयरीक जुळवतानाही जमीन काळी आहे का ते आधी विचारतात. काळीपेक्षा चांगली माती असते, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. नर्सरीवाल्यानं माझ्याकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं, मग दोघांनीही जमिनीकडं बघितलं. त्यानं खोरं उचललं आणि बादलीएवढी कुंडी काठोकाठ भरून दिली. वर एक पैसा जास्त मागितला नाही. मी जिंकून घरी आले.

निवडुंगच तो, म्हणून गच्चीवर भर उन्हात ठेवला. पंधरा दिवसांनी एकदा पाणी. आठवड्यात कळ्या गळल्या. उन्हाळ्यात पानं बिटासारखी लालजांभळी झाली, सुरकुतली. पाऊस लागला तसा काळ्या मातीनं पाणी धरून ठेवलं आणि बुडखा मऊ पडला. नवरा रोज सकाळी गच्चीवर जायचे, खाली यायचे, चहा प्यायचे. त्यांनी ओरडावं असं मला पहिल्यांदाच वाटलं.

श्रावणात एक दिवस ते कुंडी खाली घेऊन आले, खोलीत वर्तमानपत्र अंथरलं आणि म्हणाले, "काढतो आता ह्याला."

कुंडी आडवी करून थापट्या मारल्या तशी माती आख्ख्या विटेसारखी बाहेर आली. आतली मुळं तपकिरी, लिबलिबीत. त्यांनी माझी धागे कापायची कातर मागितली. ती मी दुकानातल्या बायकांनाही देत नाही. त्या दिवशी धुऊन, पुसून दिली. कुजकं सगळं कापल्यावर ओंजळभर झाड उरलं. ते दोन दिवस सावलीत सुकू दिलं. मग एका एवढ्याशा कुंडीत पाला, भुसा आणि वाळू घालून, बोटांनी हलकंसं दाबून लावलं.

"हे सगळं तुम्हाला कुठून माहीत?"

"हा नावाचाच निवडुंग, रानात झाडाच्या फांद्यांवर सावलीत वाढतो. हापिसातल्या झाडाची कुंडी मीच बदलायचो. दोन-तीन वर्षांतून एकदा."

"म्हणजे नर्सरीत उभे होतात तेव्हाही माहीत होतं?"

"होतं की."

"मग काय दातखीळ बसली होती का?"

"तू भाव करत होतीस," ते म्हणाले. "त्यात कोण पडणार?"

मी तोंड उघडलं ते ओरडायलाच, पण त्यांनाच एवढं हसू आलं की हातातली माती सांडली. मग मीही हसले.

कुंडी पूर्वेच्या खिडकीच्या आत ठेवली. दिवाळीनंतर पानांच्या टोकांना लाल ठिपके दिसले. "आता हिला जागची हलवायची नाही, कळ्या गळतात," असा मला हुकूम झाला. दुकानात चार बायकांना हुकूम सोडणारी मी, पडदा सरकवायलाही विचारायला लागले. डिसेंबरात अकरा फुलं आली. नवऱ्यानं खुर्ची तिथंच ओढली आहे. चहा तिथं, पेपर तिथं. परवा जुन्या हापिसातल्या मित्राला फोन करून सांगत होते, "अरे, आपल्या हापिसातल्या झाडासारखंच आलंय!" मी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि चपाती करपेपर्यंत ऐकतच राहिले.

नवऱ्याला मी माफ केलं. ते माझ्याशी भाव करायला बसलेले नव्हते. पण तू, नर्सरीवाल्या, तू धंदा मांडून बसला आहेस. माझ्याकडं एखादी बाई बगलेत उसवेल असं माप सांगते तेव्हा मी तिच्याशी भांडते. ती रागावून निघून गेली तरी चालेल, पण कापडाला कात्री लावत नाही. गुलमंडीतले दुकानदार माझ्याशी तासभर हुज्जत घालतात. तू चार शब्द बोललास आणि खोरं उचललंस. तुला ठाऊक होतं की काळ्या मातीत हे झाड कुजेल. त्या माणसानं आयुष्यात एकदाच काही मागितलं होतं, आणि त्याचा एक आख्खा हिवाळा फुलांवाचून गेला. माझा आवाज मोठा होता, कबूल. पण झाड तुझं होतं. का गप्प बसलास? रविवारी येते आहे मी. उत्तर तयार ठेव.