वर्षाराणीच्या खोलीतला पाऊस

कृष्णातच्या बाराव्याला उदयसिंह आला, सतरंजीवर मांडी घालून बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "निसर्गाचा कोप हाय वहिनी ह्यो. ह्यात कुनाला दोष द्यायचा?"

कृष्णातची बायको वर्षाराणी भिंतीला टेकून बसली होती. तिनं मान वर केली नाही. पण आजूबाजूची माणसं "व्हय, व्हय" करत माना डोलवू लागली तेव्हा तिचं रडू तिथंच थांबलं. पुढं ते कधी आलंही नाही. त्याच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं, आणि ते उठायला तयार नव्हतं.

दोष कुणाचा हे तिला ठाऊक होतं. गल्लीलाही ठाऊक होतं. नाल्यापलीकडची जुनी वीटभट्टीची जागा उदयसिंहानं घेतली, मुरूम टाकून पुरुषभर उंच केली, कडेनं दगडी भिंत ओढली आणि तिच्याखालची मोरी बुजवली. पूर्वी पंचगंगा फुगली की नाल्याचं पाणी मागं सरकायचं, त्या मोरीतून भट्टीच्या खड्ड्यात पसरायचं. गल्लीतल्या पायऱ्या भिजायच्या, एवढंच. दोन हजार एकोणीसच्या महापुरात पाण्याला पसरायला जागा उरली नव्हती. ते गल्लीत वळलं आणि कृष्णातच्या 'प्रगती टायपिंग क्लास'च्या छताच्या पंख्याला जाऊन लागलं.

कृष्णातनं आयुष्यभर टायपिंग शिकवलं होतं. पाणी ओसरल्यावर त्यानं चिखलातून एकेक यंत्र उचलून अंगणात मांडलं. रॉकेलमध्ये बुडवलेल्या ब्रशनं तो अक्षरं घासत बसायचा. अक्षरं उठायची नाहीत. मग त्यानं घासणं सोडलं, नुसता पायरीवर बसू लागला, बोलेनासा झाला आणि थंडी सरायच्या आत गेला. डॉक्टरांनी कारण म्हणून हृदय लिहिलं. वर्षाराणीनं मनात उदयसिंह लिहिलं.

आणि हा उदयसिंह कुणी परका नव्हता. कृष्णातच्याच तालमीतला, त्याच्याच ताटात जेवलेला. म्हणून ती त्याला अजूनही भावजी म्हणायची. तेवढा एक शब्द तोंडात धरून ठेवायला तिला किती जोर लावावा लागे, ते तिचं तिलाच माहीत.

गल्लीनं भिंतीविरुद्ध अर्ज केले. उत्तर दर वेळी एकच आलं: अतिवृष्टी. भिंतीचा संबंध सिद्ध होत नाही. सिद्ध करायचं कसं, ते उत्तरात नसे.

क्लास तिनं बंद पडू दिला नाही. परीक्षा आता संगणकावरच होत होत्या, तेव्हा तिनं वरच्या मजल्यावर संगणकांची रांग मांडली आणि शिकवायला स्वतः उभी राहिली. अशात एक दिवस पेपरात आतल्या पानावर बातमी आली. घाटमाथ्यावरचा पाऊस का बदलतोय याचा शोध परदेशातलं कुठलंसं विद्यापीठ घेत होतं. हिशेब एवढा अफाट, की त्याचे तुकडे करून ते जगभरच्या लोकांच्या घरच्या संगणकांवर सोडत होते. तुमचा संगणक रिकामा असेल तेव्हा त्यानं आमचा तुकडा सोडवायचा, एवढंच मागणं. वर मथळा होता: 'महापूर का आला? उत्तर तुमच्या घरात.'

दुसऱ्या कुणाला त्यात विज्ञान दिसलं असतं. तिला साक्षीदार दिसला.

नणंद अनुजा त्या दिवशी भाजी निवडत समोरच बसली होती. "लोकांसाठी फुकट कशाला झिजवायची यंत्रं?" तिनं विचारलं.

"फुकट न्हाय. नाव काढून देणार हाईत ती."

"कुनाचं?"

"कळंल की."

सूचना सगळ्या इंग्रजीत होत्या. वर्षाराणीला इंग्रजी यायचं ते बोटांना. समोर कागद असला की डोळे बघायचे आणि बोटं उतरवायची. मधे डोक्याला काम नसे. जन्मभर तिनं वकिलांची इंग्रजी पत्रं अशीच बिनचूक टाइप केली होती, आणि एकातही काय लिहिलंय ते तिला कळलं नव्हतं. या सूचनाही तिनं आधी टाइप करूनच काढल्या. एकामागून एक अक्षर बोटांखालून गेलं की तिला त्या ओळीचा धीर यायचा. मग एकेक वाक्य भाषांतराच्या खिडकीत टाकायचं, मराठी येईल ती वाचायची, आणि ती धड नसली तर पुन्हा टाकायचं. असं करत करत सगळी रांग कामाला लागली.

खोली तापू लागली. पडद्यांवर निळी-जांभळी पृथ्वी हळूहळू फिरायची आणि तिच्यावर ढग सरकायचे. वीज गेली की तुकडा अर्धवट सुटायचा, म्हणून तिनं बॅटऱ्या आणल्या. शिकायला येणारी पोरं-पोरी तास संपल्यावर सवयीनं बटण बंद करायला जायची, की ती ओरडायची, "हात लावू नका त्याला! पाऊस पडाय लागलाय त्यात."

"मॅडम, छत्री आणू का?" बाळाबाई नावाची कोडोलीची थोराड पोरगी म्हणायची, आणि खोली हसायची. वर्षाराणी हसत नसे. तिच्या डोळ्यांसमोर कुठल्यातरी पडद्यावर, ढगांच्या खाली, एक भिंत दिसणार होती.

तशी ती दिसेना, तेव्हा तिनं त्या लोकांच्या गप्पांच्या पानावर मराठीत लिहिलं: आमच्या नाल्याकाठी एक भिंत आहे, ती हिशेबात कुठं घालायची? कुणीतरी इंग्रजीत लिहा म्हणाला. बाकीचे गप्प बसले. दोन दिवसांनी उत्तर आलं ते चेक भाषेत, मिलान नावाच्या म्हाताऱ्याचं. तो ट्राम चालवून निवृत्त झाला होता. त्याच्या गावातूनही एकदा पुराची नदी गेली होती. त्यानं लिहिलं, तू तुझ्या भाषेत लिही, मी माझ्या. मधे यंत्र आहे, ते बघून घेईल. यंत्रानं बघून घेतलं ते असं, की तो तिला कायम 'अरे बंधू' म्हणू लागला आणि ती त्याला आदरानं लिहायची ते तिकडं काय होऊन पोचायचं देव जाणे. पण समजायचं.

मिलाननं नकाशा पाठवला. सगळ्या पृथ्वीवर चौकटी मारलेल्या, सारवलेल्या अंगणात ठिपके जोडावेत तशा. कोल्हापूरच्या चौकोनावर त्यानं लाल खूण केली होती. वर्षाराणीनं तो मोठा करून बघितला. त्या एका चौकोनात कोल्हापूर होतं, कोडोली होती, मलकापूर होतं, मुरगूडही होतं. सगळ्यांवर मिळून एकच पाऊस. "यापेक्षा बारीक यात काही नाही, अरे बंधू," मिलाननं लिहिलं होतं. "हे यंत्र दोन जगं चालवतं. एक आपलं, धुरानं तापलेलं. दुसरं न तापलेलं. दोन्हींतला पाऊस शेजारी ठेवून बघतं. भिंत त्याला दिसत नाही. तुझं घरही दिसत नाही."

तिनं उठून सगळी रांग बंद केली. एवढे महिने खोली तापवून तिनं मलकापूरचा पाऊस पाडला होता.

त्याच आठवड्यात अनुजा पेढे घेऊन आली. उदयसिंहाच्या त्या भरावावर 'उदयगिरी हाइट्स' उभी राहत होती. अनुजानं तिथं फ्लॅट बुक केला होता.

"भाऊ गेला तुझा त्या जाग्यापायी," वर्षाराणी म्हणाली.

"तू सोडून कुनी म्हणत न्हाय तसं, वहिनी. आणि आमी काय जलमभर भाड्यानं ऱ्हायचं?"

पेढ्याचा पुडा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी तिनं संगणक पुन्हा सुरू केले. का, ते तिला सांगता आलं नसतं. सूड घ्यायचा तर हातात काहीतरी चालू असावं लागतं.

पुढच्या वर्षी पूररेषा नव्यानं आखायचं ठरलं आणि हरकती ऐकायला अधिकाऱ्यांनी सभा लावली. हॉल भरला होता. वर्षाराणी भिंतीचे फोटो घेऊन आली होती. फ्लॅट बुक केलेली मंडळी पुढं बसली होती, त्यांत अनुजाही होती. उदयसिंह पांढऱ्या कपड्यांत उठला, माईक हातात घेतला.

"गल्लीतली माणसं म्हणत्यात भिंतीनं पूर आला. आता भिंतीनं कुठं पूर येतोय व्हय? जगभरच्या शास्त्रज्ञांनी कॉम्प्युटरवर शोधून काढलंय. हे बघा."

पडद्यावर नकाशा आला. तेच निळे-जांभळे रंग, त्याच चौकटी. वर्षाराणीनं आपला चौकोन लांबून ओळखला.

"घाटावरचा पाऊसच बदललाय," उदयसिंह सांगत होता. "पूर्वी महिनाभर पडायचा तेवढा आता चार दिसांत कोसळतोय. हवामान बदल म्हणत्यात ह्याला. माझ्या भिंतीला कशाला शिव्या घालताय?"

मागं कुणीतरी टाळ्या वाजवल्या. ज्या माणसाला फासावर चढवायला तिनं बॅटऱ्या आणल्या, पोरांवर खेकसली, परक्या लिपीतल्या ओळी बोटांनी चाचपत वाचल्या, त्याच माणसाला तिच्याच खोलीतला पाऊस सोडवून नेत होता. फोटो तिच्या मांडीवर होते. ते घेऊन उठलं की काय होणार तेही तिला दिसलं. साहेब मान हलवणार, आणि अतिवृष्टी लिहिणार.

ती फोटो पिशवीत घालून उठली.

"भावजी, हे खरं हाय न्हवं?"

उदयसिंह सावध झाला. "कशाचं?"

"पाऊस वाढलाय ते."

"मी म्हणत न्हाय, शास्त्रज्ञ म्हणत्यात."

"तुमी म्हणताय का न्हाय ते सांगा की."

"म्हणतोय. शंभर टक्के."

"आणि पुढं अजून वाढणार?"

त्याला वाटलं, बाई वळणावर आली. तो मोकळा हसला. "वाढणारच की वहिनी. जगात कुनाच्या हातात हाय ते?"

"साहेब, लिहून घ्या," ती म्हणाली. मग पुढच्या रांगांकडं वळली. "उदयगिरीला परवानगी मिळाली ती जुन्या पावसाच्या रेषेवर. भावजी आत्ता सगळ्यांसमोर म्हणालं, जुना पाऊस संपला. तुमचा खालचा मजला नव्या पावसात कुठं येतोय, ते इचारून घ्या त्यांनला. हाईत ते हितंच."

पुढच्या रांगा एकदम उठल्या. कुणी उदयसिंहाच्या हातातला माईक ओढला. "आमाला का नाय सांगितलं?" "रेषेच्या बाहेर हाय म्हणून विकलंस न्हवं!" साहेब शांत राहा म्हणत होते आणि लिहितही होते. उदयसिंहानं पडद्याकडं बघितलं, जसा काही तो नकाशाच त्याच्या अंगावर आला होता. वर्षाराणी त्याच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

बाहेर जिन्यावर अनुजा थांबली होती. तिचे डोळे लाल झाले होते.

"मी तितं फ्लॅट घेतलाय, तुला ठावं हुतं."

"व्हय."

"आदी घरात सांगायचं मला. पैसं काढून घेतलं असतं मी."

"तुला आदी सांगितलं असतं तर त्याला कळलं असतं," वर्षाराणी म्हणाली.

"म्हंजे मी बुडालो तरी चाललं तुला."

अनुजा पायऱ्या उतरून गेली. त्यानंतर ती वहिनीच्या दारात आली नाही, आणि वर्षाराणीनंही बोलावलं नाही. आपण काय मोडलं ते तिला कळत होतं. पण परत तोच हॉल असता, तर परत तेच केलं असतं.

महिन्याभरात उदयसिंह क्लासचा जिना चढून वर आला. सकाळची बॅच चालू होती. वर्षाराणीनं त्याला कोपऱ्यातलं बुटकं स्टूल दाखवलं. गुडघे हनुवटीला लावून तो बसून राहिला. संगणकांच्या उष्णतेनं त्याच्या कपाळावर घाम आला.

"वहिनी, बुकिंगवाली दारात बसल्यात," शेवटी तो म्हणाला. "तुमी म्हणं त्या परदेशातल्या लोकांनला ओळखताय. आमची जागा तेवढी वायली करून द्या म्हणावं. तेवढ्यापुरता पाऊस कमी दाखवला तर..."

"मुरगूडपतोर एकच चौकोन हाय भावजी. तुमची स्कीम त्यांना दिसतबी न्हाय."

"मग पाऊस न्हवता म्हणून लिहून देतो मी."

"द्या की. पाऊस न्हवता, तर मग पाणी कशानं आलं?"

पोरांची बोटं थांबली होती.

"साहेब म्हणालं, पाण्याला वाट काढून द्या, गल्लीची संमती आणा, मग बांधकामाचं बघू," तो हळू आवाजात म्हणाला. "गल्ली म्हणती, वर्षाराणीला इचारा."

"वाट हायच. बुजवलेली मोरी उघडा."

"ती आमच्या पार्किंगखालनं..."

"म्हणूनच."

त्यानं खिशातलं पेन काढून तिच्यापुढं धरलं. मग म्हणाला, "उघडतो. करा सही."

"सही करतो की. आदी मजकूर पायजे." ती पोरांकडं वळली. "सगळ्यांनी नवीन पान घ्या. आजचा उतारा भावजी सांगणार हाईत. भावजी, मोरी कुणी बुजवली, कवा बुजवली, पाणी कुठं वळलं, कुणाच्या घरात शिरलं. सावकाश सांगा, बॅच नवीन हाय."

"वहिनी, पोरांसमोर..."

"सांगा."

त्यानं सांगितलं. आधी तो नुसता पुटपुटत होता. पहिल्याच ओळीला बाळाबाईनं मान वर केली. "मॅडम, कुणी बुजवली ते ऐकू आलं न्हाय."

"मी," उदयसिंह म्हणाला. "मी बुजवली."

रांगभर कळा वाजल्या. त्यानं कृष्णातचं नाव घेतलं तेव्हा वर्षाराणी खिडकीकडं तोंड करून उभी होती. उतारा संपला. खोलीत संगणकांची तेवढी घरघर उरली. उदयसिंहानं रुमालानं तोंड पुसलं आणि स्टुलावरून उठायला लागला.

"झालं समाधान?"

"न्हाय," वर्षाराणी म्हणाली. "बसा खाली. परत एकदा सांगा, ह्या वेळी जरा भरभर."