फिरती चकती आणि नणंदेचं स्थळ

परवा टीव्हीवर एक बाई सांगत होती की नशेच्या औषधानं माणसाच्या डोळ्यांना वेगळं का दिसतं, यावर मोठमोठे शास्त्रज्ञ काम करतायत. मेंदूचे फोटो काढतात म्हणे. आमच्या गावात हे काम सत्तरच्या दशकातच झालं होतं, तेही महाशिवरात्रीला, आणि त्यापायी माझ्या नणंदेचं स्थळ टांगणीला लागलं होतं.

आमचं गाव सांगलीच्या जवळ, कृष्णेच्या काठी. गावच्या मठात शिवरात्रीला भांग घोटून दुधातून प्रसाद म्हणून द्यायचे. हे कुठूनतरी कळून मुंबईचा एक संशोधक आला. केस कानावर, पँट खाली एवढी रुंद की चालताना रस्ता झाडून निघायचा. स्वतः कुणाला भांग पाजायची त्याला परवानगी नव्हती, म्हणून जिथे लोक आपण होऊन पितात तिथे तो आला. याला मी हुशारी म्हणते. बाकी त्याच्यात फार दिसली नाही.

शिवणयंत्राच्या हातचाकावर त्यानं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची पत्र्याची चकती बसवली होती. शाळेच्या खोलीत माणसाला समोर बसवायचं, चकती फिरवायची आणि विचारायचं, काय दिसतंय? एकदा भांगेच्या आधी, एकदा नंतर. चकतीत रंग नव्हताच, पण फिरायला लागली की रंग दिसायचे. हे मी स्वतः बघितलंय. त्याचं उपासाचं खाणं आमच्याकडे होतं, ते द्यायला मी गेले होते. प्यायले नव्हते, तरी मला जांभळट दिसलं.

पहिल्या माणसानं सांगितलं, पिवळं दिसतंय. झालं. मागच्या सगळ्यांना पिवळंच दिसायला लागलं. पाहुणा एवढ्या लांबून आलाय, त्याला वेगवेगळं सांगून घोळात कशाला पाडायचं, अशी आमच्या लोकांची समजूत. एकानं तर सरळ विचारलं, "साहेब, तुमास्नी कंचा पायजे त्यो सांगा, त्योच दिसतोय मला."

संशोधक रडकुंडीला आला. रांगेवर लक्ष ठेवायला सरपंचांनी माझ्या सासऱ्यांना उभं केलं होतं, कारण ते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. संशोधक त्यांना म्हणाला, "काका, यांना सांगा हो. शेजाऱ्याचं सांगायचं नाही, मनातलं सांगायचं नाही. डोळ्याला दिसेल तेवढंच बोलायचं."

सासऱ्यांनी टाचा जुळवल्या. त्यांना हुकूम मिळून बरीच वर्षं झाली होती. रांगेला त्यांनी तो मोठ्या आवाजात वाचून दाखवल्यासारखा सांगितला, आणि जवान प्यायच्या आधी हवालदारानं प्यायला पाहिजे म्हणून स्वतः भांगेचे दोन पेले घेतले.

ते त्यांनी घ्यायला नको होते, कारण त्या दिवशी नणंदेला बघायला पाटणकडची मंडळी येणार होती. मुलगा वायरमन, सुट्टीचा दिवस म्हणून शिवरात्र ठरली होती. नणंदेचा डावा डोळा तिरळा होता. खाली बघितलं की कळायचं नाही, वर बघितलं की कळायचं. आधीची स्थळं त्यावरूनच परत गेली होती. आता हे गेलं तर तिच्या मामानं एक बिजवर तयार ठेवला होता. त्या बिजवराची थोरली मुलगी आमच्या नणंदेच्या वर्गात होती. माझं आणि नणंदेचं कधी पटलं नाही, पण तिला त्या घरी पाठवणं मलाही बरं वाटत नव्हतं. सासूबाईंनी तिला बजावलं होतं, "मान वर केलीस तर बघ. पाटाकडं बघायचं, पाट संपला तर जमिनीकडं."

मंडळी संध्याकाळच्या गाडीनं यायची होती, ती दुपारच्याच एस. टी.नं आली. मुलगा, त्याची आई आणि चुलते. मी खिचडी परतत होते, तोवर सासरेही शाळेतून निघून आले. डोळे लाल, चाल मात्र कवायतीची. सगळ्यांना रामराम करून ते भिंतीला टेकून ताठ बसले.

चुलत्यांनी सुरुवात केली. "आवं, शेती कितीक हाय म्हनायची तुमची?"

"हितनं दिसत न्हाई," सासरे म्हणाले. "दिसत न्हाई ते बोलायचं न्हाई."

"मग काय दिसतंय?"

"तुमी दिसताय. कडंनं हिरवं हाय तुमच्या."

सासूबाई पदर सावरत मध्ये पडल्या. "उपासानं पित्त झालंय त्येस्नी."

"पित्त न्हाई," सासरे म्हणाले. "पाहुण्याच्या शर्टावरच्या चौकटी चालल्यात. ह्या खांद्यावरनं त्या खांद्यावर. पोरगं जाग्यावर हाय, चौकटी चालल्यात."

मुलानं आपल्या खांद्याकडे बघितलं. चुलत्यांनीही बघितलं. मी दारामागे तोंडात पदर कोंबला.

तेवढ्यात नणंद बाहेर आली. पाटावर बसली, नजर जमिनीत. चुलत्यांनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं, भाकरी येते का विचारलं. ती हळू आवाजात उत्तरं देत होती. सगळं सासूबाईंच्या मनासारखं चाललं होतं, आणि सासरे एकदम परेडच्या आवाजात म्हणाले, "खाली काय बघतीस? मान वर. समोर काय दिसतंय ते सांग."

त्या घरात या आवाजाला कुणी कधी नाही म्हटलं नव्हतं. नणंदेनं मान वर केली.

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले, जणू त्यांनी मिटले म्हणजे बाकीच्यांना दिसणार नव्हतं. नणंद मुलाकडे बघून म्हणाली, "बटणं चुकल्यात तुमची. वरचं खालच्या काजात गेलंय, तिथनं सगळीच."

मुलाची आई पुढे वाकली. "पोरी, तुजा डावा डोळा कुठं बघतोय गं?"

"तुमच्याकडं," नणंद म्हणाली. "उजवा त्येंच्याकडं."

चुलते उठलेच. "हे काय चाललंय? डोळ्यात खोट असल्याली पोरगी दावताय व्हय आमास्नी? येवढ्या लांबनं आमी येडं म्हनून आलो?"

याच वेळी संशोधक धापा टाकत दारात आला. सासरे चकतीसमोरून उठून आले होते, आणि प्यायलेला माणूस वाटेत नदीत पडला तर काय, म्हणून तो मागोमाग निघाला होता. डोळ्याचं भांडण कानावर पडल्यावर मात्र तो सासऱ्यांना विसरला. आत येऊन त्यानं नणंदेला, परवानगी न घेता, बोटं दाखवली, एक डोळा झाकायला लावला, मग दुसरा. बोटं बरोबर सांगितल्यावर म्हणाला, "उत्तम दिसतं यांना."

"तुमी कोन?" चुलते म्हणाले.

"मी डोळ्यांचाच अभ्यास करतो. बसा, तुमचेही बघू."

त्यानं पिशवीतून एक पुठ्ठा काढला. त्यावर दोन आडव्या रेघा होत्या. वरच्या रेघेच्या टोकांना बाण आतल्या बाजूला वळवलेले, खालच्या रेघेच्या बाहेर. त्यानं चुलत्यांना विचारलं, लांब कोणती?

"खालची. आंधळ्यालाबी कळंल."

नणंदेला विचारलं. तीही म्हणाली, खालची. त्यानं पट्टी काढून दोन्ही मोजून दाखवल्या. अगदी सारख्या होत्या. चुलत्यांनी पट्टी हिसकावून स्वतः मोजल्या, मग पट्टीच उजेडात धरून बघितली.

"दोघांनाही तेच दिसलं आणि दोघंही चुकलात," संशोधक म्हणाला. "म्हणजे यांचे डोळे तुमच्याइतकेच चांगले आहेत."

त्याला वाटलं, त्यानं चुलत्यांची समजूत काढली. चुलत्यांना वाटलं, आपल्याला तिरळं म्हटलं. "मला शानपन शिकवतोय व्हय रं?" असं म्हणून त्यांनी टोपी डोक्यावर दाबली आणि मुलाला म्हणाले, "ऊठ. गाडी सापडंल अजून."

मुलगा उठला नाही. तो शर्टाची बटणं काढत होता. सगळी काढली, बनियनवर बसून राहिला आणि मग एकेक योग्य काजात लावायला लागला. वायरमन माणूस, घाई करत नव्हता.

"बसा की काका," तो म्हणाला. "बटनं लागू द्यात."

"आरं, पोरगी तिरळी हाय."

"दिसलं की मला. आपल्या गावापास्नं मी असाच आलोय, गाडीत तुमी शेजारीच बसला हुता. तुमचं दोन्ही डोळं सरळ." मग नणंदेकडे बघून त्यानं विचारलं, "आता?"

"कॉलर ऱ्हायली," ती म्हणाली.

त्याची आई हसायला लागली. "घ्या, आत्तापास्नंच सुरू झालं हिचं," म्हणाली, आणि मला हाक मारून सांगितलं, "लेकी, खिचडी आण. ह्येंच्या रागापायी माजा जीव कळवळलाय भुकंनं."

चुलते रागातच बसले आणि खिचडी दोनदा मागून खाल्ली. संशोधकानंही खाल्ली. सासरे तोवर बसल्या जागी घोरत होते, त्यामुळे जावयाला होकार सासूबाईंनी दिला. लग्न वैशाखात झालं. नणंद तिकडे गेली आणि माहेरी आली की माझ्या हातच्या प्रत्येक भाजीत खोट काढू लागली.