बाईंच्या फळ्यावरचा बिबट्या

देवळाली कॅम्पात बातमी पायी जात नाही, रिक्षा करते. त्या सोमवारी पिठाच्या गिरणीत नुसतं कुजबुजलं गेलं होतं, की ज्योत्स्नाबाई भालेरावांनी संडे स्कूलमध्ये पोरांना शिकवलं, 'राजूला देवानंच बिबट्याच्या तोंडी दिलं.' भाजीबाजारात पोचेतो बाईंनी बायबल भिरकावलं होतं, आणि बेकरीपाशी तर त्यांनी चर्च सोडून गळ्यातला क्रूस मोडीत घातला होता.

क्रूस गळ्यातच होता, बायबलही उशाशी होतं. आणि ते वाक्य बाई बोलल्याच नव्हत्या. त्याच्या जवळपासचं काहीतरी बोलली होती एक नऊ वर्षांची मुलगी. बाई फक्त गप्प बसल्या होत्या. आता, ज्योत्स्नाबाई गप्प बसल्या हे गल्लीत सांगून पटणार कुणाला? नळाला पाणी आलं तरी त्यांचं भांडण, नाही आलं तरी भांडण. त्यापेक्षा क्रूस मोडीत घातला हे पटायला सोपं.

बाई मूळच्या शरणपूरच्या, लग्न होऊन कॅम्पात आल्या. नवरा लष्कराच्या कँटीनचा टेम्पो चालवायचा. तो गेल्यावर बाईंनी घरातच शिवणाचं मशीन टाकलं. तोफखान्यातल्या जवानांच्या वर्दीवर नावाच्या पट्ट्या शिवायच्या, फिती बसवायच्या. एखाद्या नव्या पोराची वर्दी खांद्यात ढगळ दिसली की विचारायच्या, "का रे, आई जेवायला घालत नव्हती का?" पोरगं लाजायचं, आणि पुढच्या वेळी दोन मित्रांना घेऊन यायचं. लेक ओझरच्या कारखान्यात लागली, तिचं लग्न झालं, आणि घरात बाई आणि मशीन एवढेच दोघं बोलणारे राहिले.

बाकी सगळा जीव रविवारच्या वर्गात. वर्ग चर्चच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत भरायचा. बाईंनी एका लाकडी चौकटीवर जुनं लष्करी कांबळं ताणून फळा केला होता आणि वर्दीच्या उरलेल्या कापडातून सगळी सृष्टी कातरली होती. मागे वेल्क्रो, म्हणजे कांबळ्याला घट्ट चिकटायची. देवानं हत्ती राखाडी केला, बाईंनी तो खाकी केला. मगर तेवढी हिरवी मिळाली. बिबट्या पिवळ्या ब्लाउजपीसचा, अंगावर बूटपॉलिशचे ठिपके. पोरं एकेक प्राणी घेऊन पुढे यायची, फळ्यावर लावायची आणि ठरलेलं वाक्य खणखणीत म्हणायची, "याला देवानं केला, याला देवच खायला घालतो!" मग बाई विचारायच्या, "आणि आपल्याला कोण सांभाळतं?" पोरं पत्रा हादरेल अशी ओरडायची, "देव!"

त्या ओरडण्यात राजूचा आवाज सगळ्यात मोठा असायचा. राजू सहा वर्षांचा, त्याची बहीण निकिता नऊची. आईबाप, मंगळू आणि भागीबाई, हरसूलकडच्या डोंगरातले. दारणाकाठच्या एका मळ्यात राखणीला राहिले होते. पाड्यावर आजोबांच्या वेळेपासून प्रार्थना चालायची, त्यामुळे कॅम्पात आल्यावर त्यांनी आधी चर्च शोधलं आणि मग रेशनचं दुकान.

फेब्रुवारीत संध्याकाळी, उजेड पुरता गेलाही नव्हता, राजू खोपटाच्या बाजूला बसून भाकरी खात होता. उसातून बिबट्या आला. निकिता चार हातांवर भांडी घासत होती. तिनं भांडं फेकून मारलं. ते लागलंही. त्याचा उपयोग झाला नाही. माणसं बॅटऱ्या घेऊन उसात शिरली, तेव्हा मंगळूला त्यांनी पुढे जाऊ दिलं नाही. जे सापडलं ते चादरीत बांधून आणलं.

मग पिंजरा लागला. पिंजऱ्यात शेळी बांधली, मध्ये मजबूत जाळी घालून, तिला नखही लागू नये म्हणून. चौथ्या दिवशी बिबट्या अडकला. गावानं त्याच्याबरोबर फोटो काढले, शेळी सुखरूप घरी गेली. भागीबाई ते बघत उभी होती. एवढंच म्हणाली, "शेळीला जाळी व्हती."

मातीच्या वेळी चर्चच्या पाळकसाहेबांनी पुष्कळ वर्षं वापरून गुळगुळीत झालेलं वाक्य उचललं. "प्रभूनं आपल्या बागेसाठी एक कोवळं फूल खुडलं." भागीबाईनं पदर तोंडातून काढला आणि विचारलं, "मंग मागून का नाय नेलं?" पाळकसाहेबांनी पुढचं गीत सांगितलं. बाईंना त्यातली एक ओळही गाता आली नाही.

घरी येऊन त्यांनी प्राण्यांची पिशवी उघडली आणि बिबट्या काढून मशीनच्या खणात टाकला, बॉबिनखाली. निकिता कधी वर्गात आलीच, तर तिला तो दिसू नये. यात त्यांना काही चूक दिसली नाही. कुणालाच दिसली नसती.

तिसऱ्या रविवारी निकिता आली. केस घट्ट विंचरलेले, हात मांडीखाली. पोरांनी हत्ती लावला, मोर लावला, मगर लावली, वाक्य म्हटलं, पण ओरडलं कुणी नाही. निकिता फळा निरखत होती. मग म्हणाली,

"टीचर, बिबट्या नाय?"

"असू दे बेटा. आज नाही घेतला."

"का?"

बाईंचं बोलणं कधी अडलं नव्हतं. "विसरले गं घरी," त्या म्हणाल्या.

"त्याला देवानं नाय केला का?" निकितानं विचारलं. चिडून नाही, दप्तरात पेन आहे का विचारावं तसं. "मंग कोणी केला?"

बाईंचे हात थांबले. केला नाही म्हणावं, तर या सृष्टीत देवाच्या हाताबाहेरचं काहीतरी हिंडतंय, आणि राजू त्याच्या तोंडी गेला. केला म्हणावं, तर पुढचं वाक्य पोरांना पाठ होतं.

"देवानंच केला," बाई म्हणाल्या. "मी लपवला. तू बघू नयेस म्हणून. माझं चुकलं."

खोटं इतक्या लवकर मोडलेलं पोरांनी पाहिलं नव्हतं. बाईंनी मोठ्या मुलांचा वर्ग घेणाऱ्या हर्षालीला घरी पिटाळलं, तिनं खणातून बिबट्या आणला. निकितानं तो घेतला, उलटसुलट करून पाहिला, फळ्यावर मगरीच्या शेजारी लावला, अंगठ्यानं दाबून घट्ट केला, आणि ठरलेलं वाक्य म्हटलं. पहिलं अर्धं नीट. दुसऱ्या अर्ध्याला आवाज फुटेना, तरी तिनं ते पूर्ण केलं.

"याला देवच खायला घालतो."

मग ती बाईंकडे बघत राहिली. सगळा वर्ग बघत राहिला. 'आणि आपल्याला कोण सांभाळतं' हा प्रश्न बाईंच्या जिभेवर होता, तो त्यांनी गिळला. त्या खाली बसल्या, निकिताला जवळ ओढलं, आणि घंटा होईपर्यंत दोघी तशाच राहिल्या.

बाकीचं काम गिरणीनं केलं.

गुरुवारी चर्चच्या मंडळीच्या पंचांनी बाईंना बोलावलं. सेक्रेटरी शेखर साळवे, एलआयसीतले, यांना प्रत्येक गोष्ट मिटवून टाकायची घाई. "बाई, चार घरांनी मुलं पाठवायची नाही म्हटलंय. तुम्ही रविवारी एवढंच सांगा, की हिंस्र जनावरं सैतानाची करणी. बिबट्या काढा, हरीण वाढवा. विषय संपला."

"हरणाला वाघ खातो, शेखरभाऊ," बाई म्हणाल्या. "मग वाघही काढू? साप काढू, विंचू काढू? निकिताला काय सांगू, की तुझा भाऊ देवाच्या हद्दीबाहेर जाऊन मेला?"

पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले, "बाई, तिला काहीतरी आधार द्यायला हवा."

"द्या ना. तुम्ही मळ्यावर किती वेळा गेलात?"

बाहेर पॅसेंजर गाडी शिट्टी देऊन गेली. बाई त्या आठवड्यात दोनदा जाऊन आल्या होत्या. भागीबाई त्यांच्याशी बोलली नव्हती. मंगळू उसाकडे पाठ करून बसायचा. निकितानं एकदाच विचारलं होतं, "रविवारी तो फळ्यावर राहील ना?" बाई हो म्हणाल्या होत्या.

शेखरभाऊंनी पुढचं सांगून टाकलं. ऐकायचं नसेल तर येत्या रविवारपासून वर्ग हर्षाली घेईल, असं पंचांचं ठरलं होतं. पोरगी बीएडला आहे, प्रोजेक्टरवर शिकवते. बाईंनी मान हलवली. त्यांचा चेहरा कांबळ्यासारखा झाला होता, करडा आणि ताणलेला. त्या उठायला लागल्या. शेखरभाऊंना वाटलं, जिंकलो. आणि जिंकणारा माणूस एक वाक्य जास्त बोलतोच.

"तसंही, बाई, एवढं झाल्यावर देव सगळ्यांना सांभाळतो हे तुम्ही कोणत्या तोंडानं शिकवणार होतात?"

"ह्याच तोंडानं," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "आणि कसा सांभाळतो ते मला कळत नाही, हेही ह्याच तोंडानं सांगणार होते. निकिताशी खोटं बोलायला तुम्ही दुसरं कुणी बघा."