शरयूताईंचं बेंडिगो

शरयूताई गेल्याचा फोन आला तेव्हा शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलमध्ये गुडघाभर बर्फ साचलं होतं. फोन आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या सेक्रेटरीबाईंचा. "अगं, पेंडसे डॉक्टरांची शरयू गेली. झोपेतच. हार्ट." आणि त्याच दमात, "त्यांच्याकडे जेवण पोचवायला हवं ना... उसळ तू करतेस की मी करू?" मी करते म्हटलं. "बरं झालं. आणि काय गं, आता बेंडिगो बंद!" असं म्हणून त्या चक्क हसल्या. बाई वाईट नाहीत. आमच्यात वाईट असं कोणीच नाही. सगळे डॉक्टर, इंजिनिअर, गणपतीला सोवळ्यातले मोदक करणारे. या गोष्टीला आता पाच-सहा आठवडे होऊन गेले, पण ते हसणं अजून माझ्या कानातून जात नाही.

बेंडिगो हे ऑस्ट्रेलियातलं एक गाव. शहरच म्हणायचं, पण मेलबर्नसारखं नव्हे. तिथून आत, एकेकाळी सोन्याच्या खाणींवर पोसलेलं. डॉक्टर अमेरिकेत येण्याआधी तिथल्या हॉस्पिटलात नोकरीला होते आणि लग्नानंतरची पहिली काही वर्षं शरयूताईंनी तिथं काढली होती. नंतर ते इकडे आले, अनघा इथंच झाली, पाच बेडरूमचं घर झालं. शरयूताई मात्र तिथून निघाल्याच नाहीत. कुणाकडेही जेवायला गेलं की ताटं वाढून होतात न होतात तोच "आमच्या बेंडिगोत..." सुरू. मग त्या गावात सोनं कसं सापडलं, इंग्लंडच्या कुठल्याशा टोकाहून खाणकामगार कसे आले, खाणीतल्या धुळीनं चाळिशीच्या आत माणसं खोकून खोकून कशी मेली. ईस्टरच्या मिरवणुकीत तिथले चिनी आपला लांबलचक ड्रॅगन नाचवतात आणि सगळं गाव रस्त्यावर येतं, तेही असायचं. अमक्या शाळेची मास्तरीण, तमका बेकरीवाला, अशी नावानिशी माणसं. ऐकणाऱ्यांना वाटायचं, या बाईंनी सोन्याची खाण काय स्वतः खणली होती की काय! पाठीमागे सगळे त्यांना बेंडिगोबाई म्हणायचे. मुलं तर तोंडावर म्हणायची, आणि आया त्यांना दटावायच्याही नाहीत.

एकदा त्यांनी मंडळाच्या मीटिंगमध्ये सुचवलं, की आपणही इथल्या गावच्या परेडमध्ये लेझीम घेऊन उतरू या. "चिन्यांना शंभर वर्षांपूर्वी जमलं, आपल्याला का जमू नये?" तर अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, आपण इथं प्रोफेशनल लोक आहोत. रस्त्यावर नाचायला आलेलो नाही." सगळे हसले. डॉक्टर सगळ्यात मोठ्यानं.

त्यांची एकच इच्छा होती, आणि ती सगळ्यांना पाठ होती. एकदा बेंडिगोला जाऊन यायचं. दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. डॉक्टरांची बोर्डाची परीक्षा, घराच्या खरेदीचं क्लोजिंग, अनघाच्या दातांच्या तारा. "शरू, पुढच्या समरला नक्की," असं डॉक्टर चारचौघांत सांगायचे आणि त्या मान हलवायच्या. एवढं काय पुरून ठेवलंय तिथं, असं बायका गमतीनं विचारायच्या. शरयूताई तेव्हा पाणी प्यायच्या.

ते काय होतं ते कळलं एका डोहाळजेवणात. आमच्यातल्या एका मुलीचं सातव्या महिन्याचं, हिरवी साडी, फुलांचे दागिने, बर्फी की पेढा, सगळं यथासांग. कुणीतरी विषय काढला, की इथं भारतीय मुलांची नावं काय ठेवावीत. शरयूताई आपल्याच तंद्रीत म्हणाल्या, "आमच्या पहिल्याचं आम्ही अभय ठेवलं होतं. बेंडिगोत झाला तो. चार महिन्यांचा होऊन गेला." डोहाळकरणीच्या आईनं मुलीच्या ओटीवरचा पदर घाईघाईनं सारखा केला. कुणी त्यांना 'अरेरे' सुद्धा म्हणालं नाही. ओटी भरायची वेळ आली तेव्हा तबक त्यांना वगळून पुढे गेलं. शिकागोच्या मोठ्या इस्पितळांत काम करणाऱ्या बायका होत्या त्यात, लहान मुलांच्या डॉक्टरसुद्धा! त्या दिवसानंतर शरयूताईंना ना कुठल्या डोहाळजेवणाचं बोलावणं आलं, ना बारशाचं. पुरणपोळ्या मात्र त्यांच्याकडूनच मागवल्या जात. त्यांच्या हातच्या पोळीला विटाळ नसावा.

त्या गाडी चालवत नसत, म्हणून परत येताना मीच त्यांना सोडलं. त्या रडल्या नाहीत. समोर बघत सांगत राहिल्या. दात न आलेल्या मुलाला आपल्यात अग्नी देत नाहीत, म्हणून अभयला तिथल्या दफनभूमीत ठेवलं. त्यावर दगड लावू या असं त्या म्हणाल्या, तर डॉक्टरांनी सांगितलं, आपल्यात दगड लावत नाहीत, आणि आपण इथं थोडेच राहणार आहोत? नुसती माती. पहिल्या पावसानंतर तर गवत माजून ती जागाही ओळखू येईना. मग दर रविवारी त्या जायच्या आणि आजूबाजूचे दगड वाचायच्या. शेजारची म्हातारी बरोबर असायची, ती त्या त्या माणसाची गोष्ट सांगायची. फाटकातून आत गेलं की डाव्या हाताला तो बेकरीवाला. त्याच्या मागच्या रांगेत खोकून मेलेला खाणकामगार, त्याची दोन मुलं त्याच्याजवळ. मग मास्तरीण. मास्तरणीच्या आणि कुंपणाच्या मध्ये अभय.

"मी हे सगळं बोलत राहिले नाही ना, तर मला तो सापडायचा नाही गं," त्या म्हणाल्या. "लोक हसतात, हसू देत."

त्या दिवशी मला आमच्या सगळ्यांची शिसारी आली. ती अजून गेलेली नाही.

गेल्या वर्षी खरंच तिकीट काढलं होतं. शरयूताईंनी बॅग भरली होती. त्यात अगदी वरती एक लोकरीचं टोपडं होतं, पांढरं, स्वतः विणलेलं. आणि पुण्याहून नाटकमंडळी दौऱ्यावर आली. अकरा माणसं. पाच बेडरूमचं घर आमच्यात एकच. डॉक्टरांनी मंडळाला शब्द देऊन टाकला आणि मग घरी येऊन तिकीट कॅन्सल केल्याचं सांगितलं. शरयूताईंनी तीन दिवस त्या अकरा जणांचा स्वयंपाक केला. नाटकानंतर अध्यक्षांनी स्टेजवरून डॉक्टरांचे आभार मानले. हिवाळा सरायच्या आत शरयूताई गेल्या.

तेराव्याला मी त्यांच्याकडे गेले होते. मंडळी यायची होती. स्वयंपाकघरात डॉक्टर, कॉलेजातून आलेली अनघा आणि मी. अस्थी नाशिकला न्यायच्या ठरल्या होत्या. मी म्हटलं, "डॉक्टर, त्यातल्या थोड्या बेंडिगोला नेल्या तर? अभयजवळ."

"तिथं कुठे नेणार?" डॉक्टर म्हणाले. "इतकी वर्षं झाली. जागा मला आठवत नाही." मॉलच्या पार्किंगमध्ये गाडी कुठे लावली ते विसरावं, तितक्या सहज.

म्हणून मी सांगितली. फाटक, बेकरीवाला, खाणकामगार, मास्तरीण, कुंपण. सगळी सांगितली, अनघाच्या देखत.

अनघानं वर पाहिलं. "हू इज अभय?" तिनं बापाला विचारलं. "डॅड? हू इज अभय?"

डॉक्टर तिच्याकडे न बघता उठले. "चहा टाकतो सगळ्यांना," म्हणाले, आणि कपाटं उघडायला लागले. पहिल्यात डबे. दुसऱ्यात मिक्सरची भांडी. तिसऱ्यात पुरणयंत्र, पोळपाट. बारा वर्षं या घरात चहा पीत होते ते. अनघा त्यांच्या पाठीकडे बघत उभी होती. "डॅड?" ते खाली वाकून सिंकखालचंही कपाट बघायला लागले.

शरयूताईंचे कप खिडकीजवळच्या वरच्या कप्प्यात असत. मी सांगितलं नाही.