उकळत्या पाण्यातले पाव

ओव्हन घरात आला त्या दिवशी माझी खाट गॅलरीत गेली. तवापासून मी आन सूनबाई एकमेकांशी बोलत नव्हतो. तिला काय सांगायचं असलं तर ती भिंतीला सांगायची. मी पंख्याला.

सूनबाई शिकलेली, क्लास लावून पाव आन गोड बन करायला शिकली. मी शाळेत गेलो तो फक्त आवारातली बोरं काढायला. तरी अक्कल मलाच जास्त हाय, आसं मी धरून चाललेलो.

तिला पयली ऑर्डर आली कामोठ्याच्या एका बाईंची. पोरीचा वाढदिवस, सहा वाजता बन आन जेवणातले पाव पायजेत. आवडले तर दर रविवारी घेणार. "हे जमलं तर मला नोकरी शोधायला नको," सूनबाई माझ्या पोराला बोलली.

त्या दुपारी तिनं परातीत मैदा काढला, यीस्टचे बारीक दाणे त्यातच मिसळले आन खोके आणायला निघाली. जाताना भिंतीला बोलली, "कोणी कशाला हात लावू नका. मी येऊन मळते."

आता हे ऐकून कोण गप बसंल? आमच्यात तांदळाची भाकर करताना पिठाला आधण लागतं, खळखळतं पाणी. त्याबिगर भाकर चिरते. मी आधण ठेवलं, सगळं परातीत ओतलं, उलथन्यानं हलवलं आन दंड दुखंस्तोवर मळलं. वर ओलं फडकं टाकून रुबाबात बसलो.

ती आली. फडकं काढलं. बोट दाबून बघितलं. तासभर वाट बघितली, गोळा हाय तसाच.

"पाणी कसलं घातलं?" कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलली.

"उकळतं. मंग काय, गार?"

"यीस्ट मेलं."

"मेलं म्हंजे? जिवंत व्हतं ते?"

तिनं घड्याळ बघितलं. नवीन पीठ फुगायला वेळच नव्हता. बाईंना फोन लावला. पलीकडून आवाज मलापन ऐकू आला: "आम्ही बेकरीतून मागवतो. आणि रविवारचं राहू दे."

खरं सांगतो, पाणी मी मुद्दाम नाय ओतलं. पन फोन ठेवला तवा मला जरा बरं वाटलं. आता ओव्हन जाईल, खाट आत येईल. मी मिशीत हसलो. तिनं ते बघितलं.

पोरगा कामावरून आला, त्यानं इचारलं, "बाबा, मुद्दाम केलं तुमी?"

"मुद्दाम करायला डोकं लागतं," मी बोललो. कोण हसलं नाय.

सूनबाईनं त्याच गोळ्याचे पाव वळले, भाजले आन एक चहाबरोबर माझ्यापुढं ठेवला. "घ्या. तुमच्या हातचे आहेत."

मी बुडवला. चहा संपत आला, तो भिजंना. दाढंखाली धरला तर दाढच हालली. ती कमरंवर हात ठेवून समोर उभी.

"अजून चहा आणू?" ती बोलली. "ट्रे भरलेलाय."