हेल्मुटच्या वेलीवर तासगावची कात्री

एकनाथ तासगावच्या द्राक्षबागांचा छाटणीवाला. त्याची कात्री बागेत शिरली की मालकानंसुद्धा तोंड उघडायचं नाही, असा रुबाब. शहाऐंशीच्या एप्रिलात लेकीनं, सुचित्रानं, त्याला अमेरिकेत, सनीव्हेलला नेलं, तेव्हा बॅगेत लोणच्याच्या बरणीखाली ती कात्री होतीच.

शेजारी हेल्मुट नावाचा जर्मन म्हातारा, मोझेल नदीकाठचा. तिथला बापाचा मळा भावांनी विकला; त्याआधी आणलेल्या काड्यांच्या बारा वेली तेवढ्या ह्याच्या परसात उरल्या. एकेक वेल एकेका खांबाला, दोन काड्या वाकवून बदामासारख्या बांधलेल्या. दरसाल पिंपभर वाईन निघायची.

एकनाथ कुंपणाशी उभा राहून फिदीफिदी हसला. "ह्येला मांडव न्हाई? ही बाग हाय का नवरीचं बाशिंग?"

जावयानं, गिरीशनं, ते साखर लावून सांगितलं. पण हसणं काय, कुणालाही कळतं. हेल्मुटनं आतून गावाकडच्या चित्राचं कॅलेंडर आणलं. खाली नदीचं वळण, वर भिंतीसारखा उभा चढ आणि चढभर वेली. म्हणाला, "आमच्याकडं दोन हजार वर्षं द्राक्षं आहेत. तुमच्याकडं आंबे असतात ना?"

"असल्या चढाला आमची शेळी तोंड लावायची न्हाई," एकनाथ म्हणाला. पण ते आंबे त्याला झोंबले.

आठवड्यानं हेल्मुट बहिणीच्या मयताला गावी गेला. वेलींना पाणी घाल म्हणून गिरीशला सांगून गेला. पाणी एकनाथनं घातलं, आणि कात्रीही घातली. तासगावात एप्रिलात खरड छाटणी. जुनी काडी बुडख्यापर्यंत उडवायची, फळासाठी पुन्हा ऑक्टोबरात छाटायचं. वेलींना कोवळे घोस लोंबत होते. अवेळचे म्हणून तेही उडवले.

हेल्मुट परतला तो बॅगा दारात टाकून बोंबलतच आला.

"मामा, काय करून बसलात!" गिरीश घामाघूम. "इथं वर्षातून एकदाच कट करतात, विंटरमध्ये! सॉरी म्हणा, नाहीतर तो केस करेल."

"सॉरी कशाची? ऑक्टोबरात मला छाटू दे म्हणावं. त्यावर फळ न्हाई धरलं, तर ही कात्री त्येची."

गिरीशनं ते इंग्रजीत सांगितलं. हेल्मुटनं ऐकलं आणि फाटकाला कुलूप घातलं.

उन्हाळाभर वेली माजल्या. पानच पान, घड एक नाही. पिंप परसात उपडं पडलेलं. एकनाथ दिसला की हेल्मुट थुंकायचा. सुचित्राच्या नमस्कारालाही त्यानं उत्तर देणं सोडलं. एकनाथ ऑक्टोबरची वाट बघत राहिला.

ऑक्टोबर सरत आला, परतीच्या तिकिटाला दोन दिवस उरले. वेलींची पानं पिवळी पडून आपोआप गळू लागली होती. एकनाथ चक्रावला. तासगावच्या बागेत वेल कधी झोपत नाही. ही झोपायला निघाली होती. आता छाटून फुटणार काय, थंडी? त्यानं कुंपणावरनं हात घालून एक पान तोडलं, चुरगाळलं. मग घरात गेला, कात्री आणली, कुंपणावर हेल्मुटसमोर ठेवली.

"चुकलो," म्हणाला. गिरीशनं सांगायची गरज पडली नाही.

हेल्मुटनं कात्री चिमटीत उचलली, मेलेला उंदीर उचलावा तशी, आणि रस्त्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली.

सकाळी कचरागाडी वळणावर आली तेव्हा एकनाथ कोपरापर्यंत त्या डब्यात होता.

"आबा, लोक बघतायत!" सुचित्रा दारातून ओरडली.

"बघू देत. त्येला दिली हुती. त्येनं टाकली." कात्री त्यानं धोतराला पुसली, हेल्मुटच्या खिडकीकडं बघत एकदा कचकन उघडमीट केली आणि आत गेला.